पलटण तीच, काम वेगळं: लष्करी तुकड्यांची वंशावळ कशी वाचायची?

२६ जुलै २०२५ ला द्रासमध्ये कारगिल विजय दिवसाच्या कार्यक्रमात लष्करप्रमुख जनरल उपेंद्र द्विवेदी यांनी काही नवी नावं जाहीर केली. रुद्र ब्रिगेड, भैरव बटालियन, तोफखान्यातली शक्तिबाण रेजिमेंट आणि दिव्यास्त्र बॅटरी. शिवाय पायदळाच्या प्रत्येक बटालियनला स्वतःची ड्रोन प्लाटून, म्हणजे ड्रोनवाली छोटी तुकडी. बातम्यांमध्ये ही नावं धडाधड येऊ लागली आणि साध्या वाचकाचा गोंधळ उडाला. या पलटणी नव्यानं उभ्या राहणार की असलेल्याच पलटणींना नवी नावं? नवं काम मिळालं तर जुन्या पलटणीच्या इतिहासाचं काय? आणि मुळात रेजिमेंट, बटालियन, ब्रिगेड यांत मोठं कोण, लहान कोण?

थोडक्यात उत्तर असं: माणसं बहुतेक आहेत त्याच फौजेतली आहेत, बदलतंय ते काम आणि मांडणी. आपल्या लष्करात हे अडीचशे वर्षं चाललंय. पण ते कसं चालतं, हे एखाद्या खऱ्या पलटणीचा माग काढल्याशिवाय नीट कळत नाही.

आधी रेजिमेंट आणि बटालियन

पायदळात प्रत्यक्ष लढते ती बटालियन. सुमारे आठशे माणसं, वर एक कर्नल. आपल्याकडे पलटण म्हणतात ती हीच. सैनिक आयुष्यभर 'माझी पलटण' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात ही बटालियन असते.

पायदळातली रेजिमेंट म्हणजे अशा अनेक बटालियनचं घराणं. मराठा लाइट इन्फंट्री हे एक घराणं, त्याचं सेंटर बेळगावला. भरती झालेला मुलगा तिथं घडतो आणि मग घराण्यातल्या एखाद्या बटालियनमध्ये जातो. मात्र हे घराणं एकत्र लढायला जात नाही. एक मराठा बटालियन अरुणाचलात असेल, दुसरी काश्मीरमध्ये, तिसरी राजस्थानच्या वाळूत. तीन-चार बटालियन मिळून ब्रिगेड होते आणि त्या बहुधा वेगवेगळ्या रेजिमेंटच्या असतात. शेजारच्या खंदकात डोग्रा असतील, पलीकडं गोरखा.

रणगाड्यांत आणि तोफखान्यात मात्र रेजिमेंट हीच लढणारी तुकडी असते, म्हणजे साधारण बटालियनच्या बरोबरीची. गोंधळ होतो तो इथं. 'शक्तिबाण रेजिमेंट' वाचून मराठा रेजिमेंटएवढं घराणं डोळ्यांसमोर आणू नका.

नंबर सारखे का बदलतात?

जुन्या पलटणींचा इतिहास वाचायला बसलं की पहिल्यांदा नंबरच आडवे येतात. एकाच पलटणीला तीन-चार नंबर. त्यामागे दोन मोठ्या फेररचना आहेत.

ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात मुंबई, मद्रास आणि बंगाल अशा तीन वेगळ्या फौजा होत्या. प्रत्येकीचे नंबर एकपासून सुरू होत. १९०३ मध्ये तेव्हाचा सरसेनापती लॉर्ड किचनेरनं सगळ्यांना एकाच रांगेत बसवलं. मुंबईच्या नंबरात १०० मिळवले, मद्रासच्या नंबरात ६०. त्यामुळे मुंबईची १० नंबरची पलटण ११० झाली. मग १९२२ मध्ये सुट्या पलटणी घराण्यांत गुंफल्या गेल्या. १०३, १०५, ११०, ११६ आणि ११७ या पलटणी '५ वी मराठा लाइट इन्फंट्री' या नावाखाली पहिली ते पाचवी बटालियन झाल्या. ११४ नंबरची पलटण प्रशिक्षण देणारी दहावी बटालियन झाली आणि बेळगावला बसली. म्हणून जुन्या कागदांत ३/५ असं लिहिलेलं दिसतं. वाचायचं असं: पाचव्या रेजिमेंटची तिसरी बटालियन.

नंबराला एवढं महत्त्व का, हे आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या पालखीतल्या दिंडीवरून लगेच कळेल. रथापुढं कोण, रथामागं कोण, कितवी दिंडी कुणाची, हे ठरलेलं असतं. दिंडीतले वारकरी दरवर्षी थोडे बदलतात, वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते, पन्नास वर्षांनी त्यातलं एकही माणूस पहिलं उरत नाही. तरी दिंडी तीच आणि तिची जागाही तीच. पलटणीचं तसंच. संचलनात उभं राहायचा क्रम, मेसमधली चांदीची भांडी, जिंकलेले मान, सगळं त्या नंबरामागून चालत येतं. फरक एवढाच, की दिंडीचं काम बदलत नाही. पलटणीचं बदलतं.

एका पलटणीचा माग

ती ११० नंबरचीच पलटण घेऊ.

तिची उभारणी १७९७ ची, मुंबईच्या फौजेत. पुढं ती १० नंबरची झाली. १८७१ मध्ये तिला 'लाइट इन्फंट्री' हा किताब मिळाला. लाइट इन्फंट्री म्हणजे मुख्य फौजेच्या पुढं पांगून, चपळाईनं लढणारं पायदळ. तेव्हाच्या फौजा रांगा धरून लढत. त्या रांगांच्या पुढं जाऊन शत्रूला हैराण करणाऱ्यांना वेगळी अक्कल आणि वेगळे पाय लागत.

पहिल्या महायुद्धात ही पलटण पुण्याच्या ६ व्या डिव्हिजनबरोबर (काही ब्रिगेड मिळून डिव्हिजन होते) मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेली. १०३ आणि ११७ या मराठा पलटणीही त्याच डिव्हिजनमध्ये होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये तुर्की फौजेनं या सगळ्यांना कूत नावाच्या गावात कोंडलं. वेढा १४७ दिवस चालला. धान्य संपलं, घोडे आणि खेचरं कापून खायची वेळ आली. २९ एप्रिल १९१६ ला जनरल टाउनशेंडनं शरणागती पत्करली आणि पलटणीच्या पलटणी कैदेत गेल्या.

इथं वंश खुंटला असं कुणालाही वाटेल. पण युद्ध चालू असतानाच या पलटणी पुन्हा भरण्यात आल्या. मागं राहिलेले, रजेवरचे, बरे होऊन आलेले, नवे रंगरूट. कैदेतली माणसं कैदेत होती आणि त्याच नंबराची पलटण पुन्हा उभी होती. पलटण म्हणजे फक्त त्या क्षणी हजर असलेली माणसं नव्हेत, याचा इतका रोकडा पुरावा दुसरा सापडणं कठीण.

१९२२ नंतर ती ३/५ मराठा झाली. दुसऱ्या महायुद्धात १९४१ च्या मार्चमध्ये एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरात ती इटालियन फौजेशी लढली. उभा चढ, वर शत्रू, खाली हे. 'फ्लॅट टॉप' नावाची टेकडी या पलटणीनं घेतली. पुढं तीच पलटण इटलीत गेली. १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात तिची एक छोटी तुकडी मशीनगनच्या माऱ्यात सापडली. तुकडीचा नाईक यशवंत घाडगे हा एकटा सोडून बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले. घाडगे थांबला नाही. धावत मशीनगनवर चालून गेला, हातबॉम्ब टाकला, गोळ्या चालवल्या, काडतुसं बदलायला वेळ नव्हता तेव्हा बंदुकीच्या दस्त्यानं उरलेल्यांना मारलं. मोर्चा हातात आला आणि लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्याला लागल्या. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेला हा रायगडातल्या माणगाव तालुक्याचा मुलगा. त्याचा पुतळा माणगावात आहे.

युद्ध संपलं आणि या पलटणीचं काम पार बदललं. तिला छत्रीधारी केलं गेलं. १५ एप्रिल १९५२ ला पॅराशूट रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तीन वेगवेगळ्या घराण्यांतल्या बटालियन तिच्यात आल्या: पंजाबची पहिली, मराठाची तिसरी आणि कुमाऊंची पहिली. मराठाची तिसरी झाली '२ पॅरा (मराठा)'.

११ डिसेंबर १९७१ च्या दुपारी उशिरा हीच पलटण पूर्व पाकिस्तानात टांगाइलजवळ विमानांतून उतरली. लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू तिचे प्रमुख. काम एकच: लोहाजंग नदीवरचा पुंगली पूल घ्यायचा आणि उत्तरेकडून ढाक्याकडं माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट तोडायची. पूल त्याच संध्याकाळी हातात आला. १६ डिसेंबरला ढाक्यात सर्वांत आधी शिरलेल्या भारतीय फौजेत ही पलटण होती. पुढं २००० च्या सुमारास तिचं पुन्हा रूपांतर झालं. आज ती स्पेशल फोर्सेसची बटालियन आहे, म्हणजे शत्रूच्या पाठीमागं छोट्या गटांनी जाऊन मोजकी, अवघड कामं करणारी.

म्हणजे रांगेपुढचे चपळ शिपाई, मग खंदकातलं पायदळ, मग डोंगरी लढाई, मग छत्रीधारी, मग स्पेशल फोर्सेस. कागदावर वंश एकच, १७९७ पासूनचा. मराठा घराण्यातून असा आणखी एक मुलगा बाहेर पडला. २१ वी मराठा बटालियन १९९६ मध्ये २१ पॅरा स्पेशल फोर्सेस झाली.

पण काम बदलायचंच कशाला?

सरळ कारण आहे: हत्यारं बदलतात.

महार रेजिमेंटचं उदाहरण बोलकं आहे. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला ती पायदळ म्हणून उभी राहिली. १९४६ मध्ये तिला मशीनगन रेजिमेंट केलं गेलं. तेव्हाची व्हिकर्स मशीनगन म्हणजे अवजड प्रकरण. तिला तिवई लागे, थंड ठेवायला पाणी लागे, एका गनमागं बरीच माणसं लागत. साध्या पायदळाला हे झेपणारं नव्हतं. म्हणून मशीनगनवाल्यांच्या वेगळ्या बटालियन केल्या आणि त्यांच्या कंपन्या, म्हणजे बटालियनचे भाग, गरजेप्रमाणं इतर पलटणींच्या दिमतीला दिल्या. पुढं हलक्या मशीनगन आल्या आणि प्रत्येक पलटणीच्या हातात त्या आपसूक पोचल्या. वेगळ्या मशीनगन पलटणीचं कामच उरलं नाही. १९६० च्या दशकात महार रेजिमेंट पुन्हा पायदळ झाली. तिच्या बिल्ल्यावर मात्र एकमेकींवर आडव्या ठेवलेल्या दोन मशीनगन आजही आहेत. ड्रोनचं आज जे चाललंय त्याची चाल मला अशीच वाटते. आधी तज्ज्ञांच्या हातात, मग हळूहळू प्रत्येक बटालियनमध्ये.

घोडदळाचं तर सगळ्यांना ठाऊक आहे. पूना हॉर्सची सुरुवात १८१७ ची, दुसऱ्या बाजीरावावर लादलेल्या तहातली. पेशव्याच्या पैशानं उभी राहिलेली कंपनीची फौज, आता याला काय म्हणायचं! घोडे गेले, रणगाडे आले, नावातला 'हॉर्स' राहिला. १९६५ मध्ये फिलोराला लेफ्टनंट कर्नल तारापोर आणि १९७१ मध्ये बसंतरला सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांनी परमवीर चक्र मिळवलं ते याच रेजिमेंटमध्ये, सेंच्युरियन रणगाड्यांतून. ग्रेनेडियर, रायफल्स, लान्सर, लाइट इन्फंट्री ही सगळी नावं अशीच एकेकाळच्या कामांवरून पडलेली आहेत. आज नावावरून काम ओळखायला गेलात तर फसाल. खरोखरीच घोड्यावर बसणारी रेजिमेंट म्हणजे जयपूरची ६१ कॅव्हलरी.

सगळ्यात मोठी उलथापालथ १९७९ ची. तेव्हा मेकॅनाइज्ड इन्फंट्री, म्हणजे चिलखती गाड्यांतून लढणारं पायदळ, ही नवी रेजिमेंट झाली. तिचं सेंटर आपल्या अहिल्यानगरला आहे. नव्या रेजिमेंटला नवख्या बटालियन द्यायच्या नाहीत असं ठरलं. जुन्या घराण्यांतल्या थोरल्या बटालियन उचलल्या. २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरच्या धावपट्टीवर उतरलेली पहिली शीख बटालियन याच फेऱ्यात गेली. तिच्या त्या उतरण्याचीच आठवण म्हणून पायदळ दिन २७ ऑक्टोबरला असतो. ती आज शीख रेजिमेंटमध्ये नाही. ती आहे ४ मेकॅनाइज्ड इन्फंट्री.

मग नवीच बटालियन का उभी करत नाहीत?

करतात की. पण कोरी बटालियन उभी करणं म्हणजे आठशे माणसं गोळा करणं एवढंच नाही. सुभेदारापासून नाईकापर्यंत मधली फळी घडायला वर्षं जातात. कोण कुणावर विसंबू शकतो, हे आदेश काढून ठरत नाही. तयार पलटण घेतली की ही फळी आयती मिळते. नव्या कामाला लागणारं कौशल्य शिकवता येतं, ज्यांना ते जमत नाही त्यांना दुसऱ्या बटालियनमध्ये धाडता येतं. भैरव बटालियनसाठीही माणसं आहे त्याच फौजेतून काढली जातायत ती यामुळंच. एका बाजूला पलटणीतली नेहमीची घातक प्लाटून, म्हणजे छापे घालणारी निवडक तुकडी, दुसऱ्या बाजूला पॅरा स्पेशल फोर्सेस, या दोहोंमधली जागा त्यांनी भरावी असं अपेक्षित आहे.

हा इतिहास नक्की कुणाचा?

हा खरा अवघड प्रश्न आहे, आणि महाराष्ट्रात तर फारच.

१ जानेवारी १८१८ ला कोरेगावला लढलेली पलटण होती मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन. नंबरांचा माग काढत आलं तर ती १०२ ग्रेनेडियर्स होते आणि मग आजच्या ग्रेनेडियर्स रेजिमेंटमध्ये पोचते. कागदाप्रमाणं कोरेगावचा वारसा ग्रेनेडियर्सकडं. पण त्या पलटणीत महार सैनिक मोठ्या संख्येनं होते. विजयस्तंभावर त्यांची नावं कोरलेली आहेत. पुढं 'लढवय्या जाती' नावाचं एक खूळ इंग्रज अधिकाऱ्यांच्या डोक्यात शिरलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी महारांची भरती बंद झाली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये '१११ महार' पलटण उभी केली, गरज सरल्यावर १९२१ मध्ये मोडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला होता. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिनं बिल्ल्यावर घेतला तो कोरेगावचा स्तंभ. तो पुढं काढला गेला, पण त्या वेळी तो तिथं होता हे महत्त्वाचं.

म्हणजे वंशावळी दोन असतात. एक नंबरांची, ती दफ्तरात सापडते. दुसरी माणसांची, ती घराघरांत. दोन्ही दर वेळी एकाच रेजिमेंटपाशी पोचतील असं नाही, आणि एकीनं दुसरी खोटी ठरत नाही.

मराठा लाइट इन्फंट्रीचंही पाहा. तिची पहिली बटालियन, 'जंगी पलटण', १७६८ मध्ये कंपनीनं मुंबई बेटांवरचा आपला पसारा राखायला उभी केली. पण रेजिमेंट आपला दिवस साजरा करते तो ४ फेब्रुवारीला, म्हणजे तानाजींनी १६७० मध्ये कोंढाणा घेतला त्या दिवशी. युद्धघोषणा छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाची. नंबरांच्या वंशावळीत हे कुठंच बसत नाही, आणि त्यानं रेजिमेंटचं काही अडत नाही.

स्वातंत्र्यानंतर लष्करानंही यात हात घातला. लढाईत गाजवलेल्या पराक्रमासाठी पलटणीला 'बॅटल ऑनर', म्हणजे युद्धसन्मान मिळतो. त्यातले जे सन्मान भारतातल्याच सत्तांविरुद्ध लढून मिळाले होते, ते साजरे करायचे नाहीत असं ठरलं. वारसा असा मधूनमधून चाळूनही घेतला जातो.

आणि कधी कधी तो मुद्दाम तोडलाही जातो. ३१ जुलै १८५७ ला कोल्हापुरात २७ नंबरच्या पलटणीतले शिपाई उठले. उठाव चिरडला गेला, पलटण मोडीत निघाली. १८६१ मध्ये तो रिकामा २७ नंबर दिला गेला बलुच पलटणीला, जिचा कोल्हापूरशी काहीएक संबंध नव्हता. नुसता नंबर बघून इतिहास जोडायला जाल तर इथं ठेच लागते.

जातींची नावं अजून कशाला?

हा आक्षेप जुना आहे आणि त्यात दम आहे. जनरल करिअप्पांनी १९४९ मध्ये ब्रिगेड ऑफ द गार्ड्स उभी केली ती कुणा एका जातीची किंवा प्रांताची नव्हे, सर्वांसाठी खुली. तिच्यातही थोरल्या बटालियन आणून बसवल्या: पंजाब, ग्रेनेडियर्स, राजपुताना रायफल्स आणि राजपूत या घराण्यांतल्या. तिचं सेंटर कामठीला. म्हणजे नाव आणि भरतीचा वर्ग बदलून वारसा राखता येतो, हे लष्करानंच दाखवलंय. जुनी नावं बदलत नाहीत याचं एक कारण भरती हे असावं. साताऱ्यातल्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात पिढ्यान्‌पिढ्या मुलं फौजेत जातात, पहिल्या महायुद्धात एकट्या त्या गावानं ४६ माणसं गमावली. तिथं रेजिमेंटचं नाव म्हणजे घरचं नाव. माझं मत विचाराल तर नावाला हात लावण्याआधी भरतीची दारं किती रुंद आहेत ते बघावं.

२०२२ च्या अग्निपथ योजनेनंतर वेगळी शंका आली. चार वर्षांसाठी आलेल्या मुलात हे सगळं मुरणार का? चौथ्या वर्षाअखेर जास्तीत जास्त २५ टक्के जणांना पुढं ठेवायचं असा नियम आहे. पलटणीची आठवण सांभाळणारे असतात ते पंधरा-वीस वर्षं काढलेले हवालदार आणि सुभेदार. पुढची मधली फळी याच २५ टक्क्यांतून घडणार, त्यामुळं त्यांची निवड कशी होते यावर बरंच ठरेल.

घरातल्या कागदावरचा नंबर

पणजोबांच्या पदकाच्या कडेवर किंवा डिस्चार्जच्या कागदावर नंबर असेल तर तो असा जुळवा. १०३ म्हणजे आजची १ मराठा, जंगी पलटण. १०५ म्हणजे २ मराठा, तीच 'काली पांचवी'. ११६ आणि ११७ म्हणजे चौथी आणि पाचवी. ११४ असेल तर माग बेळगावच्या सेंटरपाशी जातो. आणि ११० किंवा ३/५ असेल तर मराठा रेजिमेंटमध्ये आजची पलटण शोधत बसू नका, ती २ पॅरा आहे.

महायुद्धात माणूस परतलाच नसेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव शोधता येतं. तिथं पलटणीचं त्या वेळचं नाव असतं, आजचं नाही. मेसोपोटेमियात गेलेल्यांची नोंद बहुधा बसऱ्याच्या स्मारकाखाली असते. नाव शोधताना इंग्रज कारकुनानं ते कसं ऐकलं असेल याचा अंदाज घेऊन दोन-चार प्रकारे लिहून पाहा. आडनाव नसेल तर वडिलांचं नाव आणि गाव यावरून ओळख पटवावी लागते.